पाय कुठे थांबतात, ते पाहा

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत बसता येतं, मागासवर्गीय उमेदवाराला ४३ व्या वर्षापर्यंत. ही मर्यादा शासनाने घातलेली आहे. पण पुण्यात सदाशिव पेठेतल्या किंवा नारायण पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत जा आणि सकाळी सातला जागा धरून बसलेल्या मुलाला विचारा, ‘तुझी स्वतःची मर्यादा किती?’ बहुतेकदा तो गप्प होतो. पुढची जाहिरात येऊ दे, या वेळी पूर्व निघाली की मुख्यचं बघू, दोन मार्कांनी गेली म्हणजे जमतंय की, असं म्हणता म्हणता वर्षं सरकतात. गावाकडून वडील महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतात, मेसचा डबा ठरलेला असतो आणि आयुष्य कुठल्या दिशेने जायचं हे आयोगाच्या वेळापत्रकावर ठरतं.

परीक्षा देऊ नका, असं मला मुळीच म्हणायचं नाही. एक चांगला तहसीलदार तालुक्याचं किती भलं करू शकतो हे ज्याने पाहिलंय, तो असं म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की थांबायची तारीख आपण ठरवली पाहिजे. ही गत एकट्या पंचविशीतल्या मुलांची नाही. पंचेचाळिशीतला माणूस कर्जाचे हप्ते संपायची वाट पाहतो. पन्नाशीतली बाई मुलं परगावी गेल्यावर रिकाम्या दुपारी विचार करते, की आता पुढे काय. तिघांनाही वाटत असतं, की आपल्या आयुष्याचं म्हणून एक ध्येय कुठेतरी आहे आणि एक दिवस ते आपसूक सापडेल.

तसं ते फार थोड्यांना सापडतं. बाकीच्यांनी काय करायचं, त्यासाठी हा लेख.

सुरुवात बहुतेक जण ‘मला काय आवडतं?’ या प्रश्नाने करतात. तो प्रश्न वाईट नाही, पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये. रविवारी घरच्या चार माणसांना निगुतीने जेवू घालणं आवडणं वेगळं आणि खानावळ चालवणं वेगळं. खानावळ म्हणजे पहाटे पाचला मंडई, संपलेला सिलिंडर, न सांगता दांडी मारलेली पोळीवाली बाई आणि महिनाअखेरची उधारी. आवड आपल्याला कामाचा गोड भाग दाखवते. म्हणून मी लोकांना दोन वेगळे प्रश्न विचारायला सांगतो. कुणाची अडचण दिसली की माझे पाय थांबतात? आणि त्या अडचणीपायी येणारी कंटाळवाणी कामं मी किती काळ न कुरकुरता करू शकतो? पहिल्या प्रश्नाने दिशा कळते आणि दुसऱ्याने ती झेपेल की नाही ते कळतं. दोन्ही उत्तरं डोळे मिटून बसल्यावर मिळत नाहीत. ती आपल्या रोजच्या दिवसांत आधीच पडलेली असतात.

धोंडो केशव कर्वे यांचं आयुष्य या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखं आहे. आपण त्यांना ‘महर्षी’ म्हणून भिंतीवर लावतो आणि समजतो, की असा माणूस जन्मतःच ध्येय घेऊन आला असणार. प्रत्यक्षात सतरा-अठराव्या वर्षी त्यांची धडपड आजच्या अभ्यासिकेतल्या मुलासारखीच होती. सरकारी नोकरीसाठी लागणारी परीक्षा द्यायला ते कोकणातल्या मुरूडहून सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. तिथे परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हा मुलगा सतरा वर्षांचा वाटत नाही म्हणून बसूच दिलं नाही. अंगकाठी किरकोळ होती, एवढंच कारण. ते परत आले, नव्याने शिकायला लागले आणि मॅट्रिक झाले तेव्हा वय होतं २३. १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाले, मुंबईत शिकवण्या केल्या, शाळांत शिकवलं आणि १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. इथपर्यंत पाहिलं तर एका कष्टाळू शिक्षकाची गोष्ट आहे. स्त्रीशिक्षणाचं विद्यापीठ काढायचं असं कुठेही दिसत नाही.

त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. त्या काळी तिशीतल्या विधुराला दहा-बारा वर्षांच्या मुलींची स्थळं सांगून येत. कर्व्यांचे पाय थांबले ते इथे. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झाली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. १८९३ मध्ये दोघांचं लग्न झालं. मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. तिथल्या घरी जाऊन राहणंसुद्धा अवघड झालं. एक माणूस एका प्रश्नापाशी थांबला आणि त्याने त्या प्रश्नाची किंमत स्वतःच्या घरात मोजली. पुढचं सगळं त्यातून निघालं. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९०० मध्ये तो हिंगण्याला हलवला. मग पुस्तिकेच्या रूपाने जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती हाती आली आणि १९१६ मध्ये भारतातलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. त्या वर्षी कर्वे ५८ वर्षांचे होते. पहिल्या वर्गात मोजक्याच विद्यार्थिनी होत्या. सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी १९२० मधली, म्हणजे त्यानंतरची.

या चरित्रातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही आणि मला ती सर्वांत उपयोगाची वाटते. कर्व्यांनी नोकरी सोडली नाही. १९१४ पर्यंत ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. आश्रम काढल्यानंतरची जवळजवळ अठरा वर्षं त्यांचं ‘ध्येय’ नोकरीच्या आधी आणि नंतरच्या वेळात चाललं. हिंगणं तेव्हा पुण्याबाहेरचा माळ होता. दिवसभर कॉलेजात शिकवून संध्याकाळी ते पायी तिकडे जात. ज्यांना वाटतं, की राजीनामा दिल्याशिवाय आयुष्याला अर्थ येणार नाही, त्यांनी हा रस्ता एकदा डोळ्यांसमोर आणावा.

आता तुमच्या दिवसांकडे येऊ. दोनशे पानी साधी वही घ्या आणि तीन आठवडे रोज रात्री चार ओळी लिहा. आज कुठे वेळ गेला ते कळलं नाही? कुणाला मदत केली आणि ती करायला कुणी सांगितलेलं नव्हतं? कशाचा राग आला आणि तो जेवल्यावरही गेला नाही? विचार लिहू नका, घडलेलं लिहा. ‘मला समाजसेवा करायची आहे’ हे वाक्य या वहीत चालणार नाही. ‘शेजारच्या आजोबांचा हयातीचा दाखला भरून दिला’ हे चालेल.

अशी एक वही मी जवळून पाहिली आहे. तालुक्याच्या गावी पतसंस्थेत काउंटरला बसणाऱ्या एका बाईंची. पहिल्या आठवड्यात त्यांनी कीर्तन, बागकाम, भाचीच्या लग्नाची खरेदी असं बरंच लिहिलं होतं. दुसऱ्या आठवड्यात एक नोंद पुन्हा पुन्हा येऊ लागली. काउंटर बंद झाल्यावर कुणीतरी बाई पिशवीत कागद घेऊन येते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज परत आलेला असतो. कारण बघावं तर आधार कार्डावर नाव ‘सुमनबाई’, रेशन कार्डावर ‘सुमन’ आणि नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर माहेरचंच आडनाव. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली. तहसील कचेरीत तिला सांगितलं जातं, ‘सेतूत जा.’ सेतूत सांगतात, ‘आधी आधार दुरुस्त करून आणा.’ आमच्या बाई कागद टेबलावर एकाखाली एक मांडत, कुठल्या कागदावरचं नाव खरं धरायचं ते ठरवत आणि कुठे आधी जायचं, कुठे नंतर, हे चिठ्ठीवर एक-दोन-तीन असे आकडे घालून लिहून देत. शिकलेली नसेल तर त्या कचेरीतल्या खिडकीचं चित्र काढून देत. या कामाला त्या कधी ‘काम’ म्हणाल्याच नव्हत्या. त्यांना वाटत होतं, आपल्याला गायन शिकायचं राहून गेलं, तेच आपलं हुकलेलं ध्येय. वही मात्र वेगळं सांगत होती. गाण्याची एकही नोंद नव्हती आणि त्या पिशवीवाल्या बायकांच्या नोंदी पानोपान होत्या.

त्यांनी नोकरी सोडली नाही, संस्था काढली नाही. मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळचे दोन तास ठरवले आणि पतसंस्थेच्या व्हरांड्यात बसायची परवानगी घेतली. आता बायकांना वार माहीत झाला आहे.

दिशा हातात घेणं म्हणजे व्यवहारात हेच असतं. आठवड्यातले ठरावीक तास कुणाला विचारून नाही, तर सांगून बाजूला काढायचे. ‘वेळ मिळाला की करीन’ म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही. घरच्यांना, वरिष्ठांना, मित्रांना त्या तासांची सवय व्हायला महिना-दोन महिने लागतात आणि तेवढ्या काळात तुम्ही हा नेम दोनदा मोडलात तर ती सवय होत नाही. सुरुवातीला आठवड्याला चार तास पुरे आहेत. ज्याला चार तास टिकवता येत नाहीत त्याने चाळीस तासांची स्वप्नं लांबणीवर टाकावीत.

पैशांचं बोलायला आपण कचरतो, पण ध्येयाच्या गप्पा बहुतेकदा पैशांपाशीच संपतात, म्हणून ते आधी बोलावं. नोकरी किंवा धंदा बदलायचा विचार असेल तर घरखर्च, हप्ते, मुलांची फी आणि आईवडिलांची औषधं धरून महिन्याचा आकडा काढा. सहा महिने एकही रुपया आला नाही तरी चालेल एवढी रक्कम बाजूला पडेपर्यंत राजीनामा देऊ नका. आरोग्यविमा कंपनीकडून असेल तर स्वतःचा घेईपर्यंत थांबा. हा आकडा घरच्यांसमोर कागदावर ठेवा. ‘मला माझं आयुष्य जगायचंय’ या वाक्याने घरात भांडण होतं. ‘पुढच्या मेपर्यंत इतके साठतील, नंतर आठ महिने प्रयत्न करीन, नाही जमलं तर याच क्षेत्रात परत नोकरी बघीन’ असं म्हटलं तर निदान चर्चा तरी होते.

काही वेळा नोकरी आपण सोडत नाही, तीच आपल्याला सोडते. पक्षितज्ज्ञ सालिम अली बर्लिनहून पक्षिशास्त्राचं शिक्षण घेऊन परत आले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली होती. त्याआधी त्यांनी ब्रह्मदेशात कुटुंबाच्या व्यवसायातही वर्षं घालवली होती, म्हणजे तरुणपणीचा हिशेब मांडायचा तर बरंच काही ‘वाया’ गेलेलं. ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. सासरचं घर होतं, खर्च कमी होता. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. ते रोज समोर बसून पाहत राहिले. नर अर्धवट घरटं विणून ठेवतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तरच ती त्या नराची होते, मग तो उरलेलं घरटं पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेऊन दुसरी मादी बोलावतो, हे त्यांनी तिथे नोंदवलं. हे निरीक्षण त्यांना पक्षिशास्त्रात नाव देऊन गेलं. कीर्ती आणि पद्मविभूषण फार पुढची गोष्ट. नोकरी गेलेल्या काळात त्यांच्याकडे तीन गोष्टी होत्या, डोक्यावर फुकटचं छप्पर, समजून घेणारी बायको आणि लहानपणापासून लागलेली पाहण्याची सवय. नोकरी गेली तर आपल्याकडे यातलं काय आहे, ते त्या दिवशीच लिहून काढावं. बहुतेकांकडे निदान एक तरी असतं.

आईवडिलांचं काय, हा प्रश्न मराठी घरात टळत नाही. पुन्हा कर्व्यांच्याच घराकडे पाहा. मोठा मुलगा रघुनाथ वडिलांसारखाच गणिताचा प्राध्यापक झाला. वडिलांचं काम एवढं मोठं, की ते पुढे चालवावं असं कुणालाही वाटलं असतं. र. धों. कर्व्यांनी मात्र संततिनियमनाचा विषय हाती घेतला, १९२१ मध्ये मुंबईत त्यासाठी केंद्र काढलं आणि या कामापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेत मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ते चालवलं. वडील शंभरी गाठून भारतरत्न झाले, मुलाला हयातीत फारसा मान मिळाला नाही. म्हणून मुलाचं काम कमी ठरत नाही. आईबापांना मी एवढंच सांगेन, की मुलाच्या हाती आपलं अपुरं राहिलेलं काम देऊ नका. आणि मुलांनो, आईबापांना नकार द्यायचा असेल तर आपण काय करणार आहोत हे आधी नीट सांगा. नुसता नकार त्यांना घाबरवतो.

काहींना यातलं काहीच करता येत नाही, हे मला माहीत आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणारी सून, सावकाराचं देणं फेडणारा शेतकरी, दोन पाळ्यांत राबणारा कामगार यांना ‘दिशा हातात घ्या’ म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. त्यांच्यासाठी पहिलं पाऊल ध्येयाचं नसतं, ओझं वाटून घेण्याचं असतं. नणंदेला महिन्यातले चार दिवस आईजवळ यायला सांगणं हीसुद्धा आपल्या दिवसावर हक्क सांगण्याची सुरुवात आहे. शिवाय माणसं सांभाळणं हेच ज्यांनी मनापासून स्वीकारलं आहे, त्यांना आणखी काही शोधायची गरज नाही. त्यांना कमी लेखणाऱ्या भाषणांकडे दुर्लक्ष करावं.

आणखी एक वेगळी गोष्ट आहे. कशातच रस वाटत नाही, झोप उडाली आहे किंवा दिवसभर झोपच येते, जेवण जात नाही आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं आहे, तर तो ध्येयाचा प्रश्न राहिलेला नाही. तिथे वही नको, डॉक्टर हवेत. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो कुठूनही लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

मुदतीचं राहिलं. स्पर्धा परीक्षा असो, नाटकात नशीब अजमावणं असो की सेंद्रिय शेती, सुरू करतानाच शेवटची तारीख लिहा. ‘तीन प्रयत्न’ किंवा ‘पुढच्या वर्षीची दिवाळी’ असं काहीतरी मोजता येणारं. ती तारीख तुमच्यावर प्रेम करणाऱ्या पण तुम्हाला न घाबरणाऱ्या एका माणसाला सांगून ठेवा. त्या दिवशी यश मिळालं का, एवढंच पाहू नका. हे काम करताना मी सुधारतोय का? याची मला अजून भूक आहे का? आणि माझ्या या वाटेची किंमत माझ्याऐवजी दुसरंच कुणी मोजतंय का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येत असेल तर पहिली दोन कितीही चांगली असोत, वाट बदलायला हवी किंवा निदान ती किंमत स्वतःकडे घ्यायला हवी. दिवसा चार तास काम करून अभ्यास करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचा अभ्यास कमी होतो, पण थांबायचा निर्णय ती वेळेवर घेतात.

अजूनही कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर दुसऱ्याच्या हाताखाली करा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम उभं केलं. तरुणांना आपल्या जगण्याचा हेतू शोधता यावा म्हणून त्यांनी २००६ मध्ये ‘निर्माण’ हा उपक्रमही सुरू केला, तिथे शिबिरांना जाता येतं. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी कित्येक तरुणांच्या आयुष्याला वळण देऊन गेली आहे. एवढ्या लांब जाणं जमत नसेल तर गावातलं सार्वजनिक वाचनालय, रक्तपेढी, जिल्हा परिषदेची शाळा, पाणलोटाचं काम करणारा शेतकऱ्यांचा गट, यांपैकी कुठेही आठवड्याचे चार तास द्या. गेल्या गेल्या सल्ले देऊ नका. पहिल्या दिवशी हाती झाडू आला किंवा जुन्या पुस्तकांवर क्रमांक घालायला सांगितले तरी घाला. महिनाभरात तुम्हाला दिसेल, की हिशेब कोण लिहितो, कागद कुठे अडतो आणि कुणाचा शब्द चालतो. आणि तिथल्या कुठल्या माणसाची कटकट घरी आल्यावरही तुमच्या डोक्यातून जात नाही, हेही कळेल. त्या रात्री वहीत पहिली ओळ त्या माणसाबद्दल लिहा.